भांडणाऱ्या जोड्या

मैनाक बेटावर यादवी का पेटू पाहते आहे, याचं मूळ कारण शोधायला मला अकरा दिवस दिले होते. अकरा दिवस म्हणजे रुंजीच्या बावीस झोपा. माझी लेक तेव्हा नऊ महिन्यांची होती. सकाळी दहाला ती तासभर झोपायची आणि दुपारी तीनला, मनात आलं तर, दीड तास. तिचे बाबा समुद्रतळाशी केबल टाकणाऱ्या जहाजावर, बेटापासून दोन हजार मैलांवर. तेव्हा जे काही शोधायचं ते या झोपांमध्येच.

“एकच कारण हवंय,” शांतता मंडळाचे अध्यक्ष दळीसाहेब म्हणाले. “दहा कारणं दिलीत तर वाचणार कोण? बाराव्या दिवशी विधानसभेत ठराव येतोय. घरटी एक बंदूक.”

“कोणाच्या घरी?”

“दोन्हीकडच्या. गेल्या पाच वर्षांत एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालंय.”

रुंजी माझ्या झोळीत बसून त्यांच्या पेनाकडे हात नाचवत होती. त्यांनी पेन तिला दिलं. तिनं ते तोंडात घातलं. दळीसाहेब वाईट माणूस नव्हते. ते फक्त फार दमले होते, आणि दमलेल्या माणसाला उत्तर खरं असण्यापेक्षा लवकर मिळणं महत्त्वाचं वाटतं.

“तुमच्या मनात काही कारण आहे का?” मी विचारलं.

“माझ्या मनात कशाला? मिठागर संघटना आहे. त्यांची भाषणं ऐका. लोकांना पटेल असं कारण आहे ते.”

“म्हणजे टेकडीवरच्या लोकांना पटेल असं.”

“तुम्ही टेकडीवरच्याच की, सुनेत्राबाई.”

हो, मी टेकडीकर. हे नव्या वाचकाला सांगायला हवं. दीडशे वर्षांपूर्वी कोकणातून पहिली जहाजं मैनाकला लागली, त्यातल्या लोकांनी टेकड्या साफ करून ऊस लावला. वीस वर्षांनी जी माणसं आली त्यांना टेकडीवर जागा उरली नव्हती. त्यांनी खाडीत मिठागरं घातली, मासे मारले. भाषा तीच, देव तेच, सणाला पुरणपोळी तीच. पण टेकडीकर खाडीकराला ‘मागून आलेला’ म्हणतो आणि खाडीकर टेकडीकराला ‘चढून बसलेला’. नऊ लाख वस्तीच्या देशात एवढं पुरतं. जमीन कोणाची, शाळेत कोणाचे उच्चार शुद्ध, विधानसभेत कोणाच्या किती जागा, मिठावर कर का आणि उसावर का नाही, आणि त्या पहिल्या जहाजवाल्यांनी दुसऱ्या जहाजाला तीन दिवस किनाऱ्याला लागू दिलं नव्हतं ती गोष्ट. ही पाच भांडणं आमच्याकडे मुलांना पाढ्यांसारखी पाठ असतात.

आठ वर्षांपूर्वी खिंडीतल्या बाजारात दंगल झाली आणि तीन माणसं मेली. तेव्हा मी आणि जयवंत खारकर, मी टेकडीची आणि तो खाडीचा, दोघांनी मिळून एक यंत्रणा बांधली होती. तिचं नाव ‘सुरळीत’. बाजार, दवाखाना, फेरीबोट, रेशन, पाण्याचा टँकर, सगळ्या ठिकाणी कोणी कधी यायचं ती वेळ सुरळीत फोनवर कळवायची. गर्दी होत नसे, धक्काबुक्की होत नसे. पहिल्याच वर्षी भांडणं दहातली नऊ कमी झाली. आम्हा दोघांना पदकं मिळाली. माझं पदक सध्या रुंजीचा खुळखुळा होतं.

मूळ शोधायची रीत अशी. सुरळीतजवळ आठ वर्षांच्या नोंदी होत्या. कोण कुठून काय घेतो, कोण कोणाला फोन करतो (काय बोलतो ते नाही, फक्त किती वेळा), कोण कोणत्या बोटीत बसतो. त्यावरून मी यंत्रात बेटाची प्रतिकृती केली. नऊ लाख बाहुल्या. प्रत्येक बाहुलीला घर, धंदा, स्वभाव आणि तिला लागणाऱ्या माणसांची यादी. मग काळ पुढे सरकवायचा आणि बघायचं. शंभर वेळा बेट चालवलं, तर सत्त्याऐंशी वेळा दोन वर्षांच्या आत गोळ्या सुटत होत्या आणि सरासरी सहा हजार माणसं मरत होती.

आता एकेक कारण काढून बघायचं. भातातला खडा वेचावा तसं. जमिनीचा वाद मिटला असं धरलं. शंभरातली चौऱ्याऐंशी बेटं पेटली. मिठाचा कर काढला, त्र्याऐंशी. दळीसाहेबांची लाडकी भाषणं बंद केली. शहाऐंशी, फक्त दहा आठवडे उशिरा. पाचव्या दिवशी दुपारी मी पाचही कारणं एकदम काढून टाकली. म्हणजे जमिनीचा तंटा नाही, उच्चारांचा नाही, जागांचा नाही, कराचा नाही, आणि ते पहिलं जहाज अगदी सौजन्यानं वागलेलं. तरी एकसष्ट बेटं पेटली.

मी जयवंतला फोन लावला. सुरळीत आल्यापासून आम्हाला एका खोलीत बसून काम करायचीही गरज उरली नव्हती. तो त्याच्या बाजूला, मी माझ्या.

“भांडायला काहीच नसताना एकसष्ट,” मी म्हणाले. “कशावरून भांडतायत ही माणसं?”

“अफवेवरून,” तो म्हणाला. “मी एका बेटाचा माग काढला. टेकडीवर कोणीतरी म्हणालं, खाडीकरांनी पाण्यात काही टाकलं. खरोखरच्या टेकडीवर सध्या चाललीय तीच अफवा. दोन दिवसांत बारा हजार लोकांचा विश्वास बसला.”

“पूर्वी बसत नव्हता का?”

“पूर्वीही अफवा होत्या. दर महिन्याला होत्या. विझायच्या.”

हे मला माहीत होतं, कारण विझण्याचा वेग आम्ही मोजत होतो. रुंजीला जुलाब झाले तेव्हा डॉक्टरांनी शिकवलं होतं: तिच्या बोटाचं नख दाबायचं, सोडायचं आणि गुलाबी रंग किती वेळात परत येतो ते बघायचं. दोन सेकंद, ठीक. चार सेकंद, उचलून दवाखान्यात या. समाजाचंही तसंच असतं. भांडण झालं की व्यवहार थांबतो, मग परत सुरू होतो. तो परत यायला लागणारा वेळ वाढत गेला, की समजावं वरून सगळं शांत दिसलं तरी आतून काहीतरी तुटायला आलं आहे. सुरळीतच्या आधी बेटावर भांडणं पुष्कळ होती, पण बाजार दुसऱ्या दिवशी भरायचा. आता भांडण वर्षातून दोनदा व्हायचं आणि बाजार सावरायला अकरा दिवस लागायचे.

नख पांढरं पडलेलं दिसत होतं. रक्त कुठे अडलंय ते कळत नव्हतं.

ते मला आईंनी सांगितलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, शशिकलाबाई. रुंजी झोपली की तिच्याकडे लक्ष ठेवायला त्याच असायच्या. संध्याकाळी त्या टेकडी संरक्षण समितीत जायच्या आणि कुठल्या घरात किती तरुण माणसं आहेत याच्या याद्या करायच्या. मी त्यावर काही बोलत नसे, कारण बोलले असते तर दहाची झोप कोणी सांभाळली असती?

त्या दिवशी त्या बांगडे साफ करत होत्या. पाकिटातले, सुरळीतनं घरपोच पाठवलेले.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “डोळे कसे मेलेत याचे. दमू असती तर तोंडावर फेकले असते मी तिच्या.”

“कोण दमू?”

“दमूबाय. खिंडीत बसायची, तिसऱ्या ओट्यावर. खाडीची. महा खोटारडी. अठ्ठावीस वर्षं भांडले मी तिच्याशी. दर बुधवारी.”

“दर बुधवारी भांडायचा तर दुसरीकडून का नाही घ्यायचात?”

आईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मासा कुठून खातात ते विचारलं. “दुसरीला काय कळतं? तुझा नवरा, अभय, झाला तेव्हा मला दूध येईना, तर ही बया रोज मुशी पाठवायची. वर निरोप, ‘म्हातारीला सांग, काटे काढून खा, मेलीस तर भांडू कोणाशी.’ मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान आहे.”

“मग बंद कधी झालं?”

“तुझं ते सुरळीत आलं ना. मला मंगळवार, तिला गुरुवार.” त्यांनी बांगड्याचं डोकं उडवलं. “बरंच झालं म्हणा. असल्या लोकांशी संबंध नकोतच.”

मी हात धुऊन यंत्रापाशी गेले. रुंजी तोवर उठली होती, तिला मांडीवर घेतलं आणि एका हातानं नोंदी उघडल्या. शशिकला आणि दमयंती. पहिल्या महिन्यात दोन ‘वाद-घटना’. तिसऱ्या आठवड्यापासून वेळा वेगळ्या.

तो नियम मी लिहिला होता. मला तो दिवससुद्धा आठवतो. बाहेर दंगलीनंतरची संचारबंदी होती आणि आम्हाला काम संपवायची घाई होती. ज्या दोन व्यक्तींमध्ये दोनदा वाद होईल, त्यांना पुन्हा एका वेळी बोलावू नये. किती सरळ. भांडणाऱ्यांना वेगळं करा. कोणतीही आई मुलांना करते तसं.

मी पहिल्या वर्षी वेगळ्या केलेल्या जोड्यांची यादी काढली. एक्केचाळीस हजार. मग बघितलं, या जोड्यांचा एकमेकांशी त्याआधी किती संबंध होता. बेटावर टेकडीकर आणि खाडीकर यांच्यात जेवढं येणंजाणं, देणंघेणं, विचारपूस होती, तिच्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग या एक्केचाळीस हजार जोड्यांमध्ये होता. मैनाकवर माणूस अनोळख्याशी भांडत नाही. त्याला वाट देतो आणि मनात शिवी घालतो. भांडायचं तर रोजच्या माणसाशी. कोळीण आणि गिऱ्हाईक, गवंडी आणि घरमालक, दाई आणि बाळंतिणीची आई. आमच्याकडे भांडण हीच ओळख ठेवायची रीत. दुसऱ्या कुठल्या देशात हा नियम चालला असता कदाचित. आम्ही दोघं याच बेटावर वाढलो होतो आणि आमच्याच लक्षात आलं नाही.

आणि बाहुल्यांचा एक नियम असा होता: पलीकडच्यांबद्दल काही भयंकर ऐकलं, की बाहुली पलीकडच्या ओळखीच्या माणसाला विचारते. विचारायला कोणीच नसेल, तर विश्वास ठेवते. आईंनी दमूला विचारलं असतं, “काय गं, पाण्यात काय टाकलंत?” आणि दमू म्हणाली असती, “तुझं डोकं टाकलंय.” संपलं असतं तिथंच.

पाच जुनी भांडणं लाकडं होती. दीडशे वर्षं पडून होती. ओली होती म्हणून पेटत नव्हती. ती वाळवली आम्ही.

मी यंत्रातून फक्त सुरळीत काढलं. जमीन, कर, जागा, भाषणं, जहाज, सगळं जसंच्या तसं ठेवलं. सातव्या दिवशीच्या दोन्ही झोपा त्यात गेल्या. शंभरातली बावीस बेटं पेटली. शून्य नाही. पण बावीस.

पण दुसरी एक ओळही होती, आणि मी ती वाचून रुंजीला उगाच घट्ट धरलं. सुरळीत बंद केल्यावर पहिल्या महिन्यात सरासरी दोनशे चाळीस मारामाऱ्या. काही बेटांवर मृत्यू चार. काहींवर पाच.

“हे लिहिणार आहेस?” जयवंतनं विचारलं.

“दोन्ही लिहिणार. नियम माझा होता हेही.”

“आपला होता.” तो म्हणाला. “सुनेत्रा, इथे माझ्या गल्लीत मला शांतीदूत म्हणतात. हे कळलं की दगड मारतील.”

“माझ्या घरातच समितीची अर्धी यादी आहे, जयवंत.”

“चार माणसं मरतील असं वर आपल्या नावानं लिहायचं.”

“चार मरतील किंवा मरणार नाहीत. सहा हजार मरतील हे तर आपण पाठ केलंय. माझी मुलगी इथेच मोठी होणार आहे. मला दुसरं बेट नाही.”

“बरं,” तो म्हणाला. “माझं नाव आधी टाक. मी वर्णानुक्रमानं आधी येतो.”

आठव्या दिवशी मी दळीसाहेबांसमोर बसले.

“कारण सापडलं?”

“सापडलं. सुरळीत. म्हणजे मी आणि जयवंत खारकर.”

त्यांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला, हे त्यांच्या बाजूनं नमूद करायला हवं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

“बाई, देशात एकच गोष्ट नीट चालते आणि तुम्ही म्हणताय ती बंद करा.”

“हो.”

“भांडणं होतील.”

“व्हायला हवीत.”

“हे वाक्य मी विधानसभेत बोलू? उद्या माझं पोस्टर लागेल.” ते उठून खिडकीशी गेले. खाली नव्या पुलावर वाळूची पोती रचणं चाललं होतं, पुलाच्या दोन्ही टोकांना, अगदी सारख्या उंचीची. “एक करतो. एक बाजार, एक दिवस. खिंड, परवाचा बुधवार. दोघांना एकच वेळ, सात ते बारा. बारापर्यंत बाजार टिकला आणि रक्त सांडलं नाही, तर तुमचा अहवाल मी स्वतः मांडतो. सांडलं, तर कारण मिठागर संघटना, अशा अहवालावर तुम्ही सही करायची.”

रक्ताची अट मला पटली नव्हती, आणि मी तसं म्हणाले. ते म्हणाले, याहून जास्त माझ्या हातात नाही. ते खरंही होतं. सुरळीतचा मूळ नियम बदलायला दोन किल्ल्या लागत, एक टेकडीची, ती माझ्याकडे, आणि एक खाडीची, ती जयवंतकडे. अध्यक्षाला तिसरी किल्ली द्यायला तेव्हा कोणीच तयार नव्हतं. एका बाजाराची एका दिवसाची वेळ तेवढी ते बदलू शकत.

बुधवारी सकाळी मी रुंजीला पाजलं आणि आईंकडे दिलं.

“तुम्ही आला असतात तर,” मी म्हणाले.

“त्या बाजारात मी पाय ठेवणार नाही. आणि पोरीला तर अजिबात नेऊ नकोस.”

“नाही नेत.”

“तूही जाऊ नकोस.”

“मी जाणार, आई.”

खिंडीत सातला खाडीच्या बाया टोपल्या घेऊन ओट्यांवर बसल्या. त्यांच्या मागे त्यांची पुरुषमाणसं उभी, हातात वल्ही. मासळीबाजारात वल्ह्याचं काय काम, ते कोणी विचारलं नाही. टेकडीच्या बाजूच्या पायऱ्यांवर आमची माणसं जमली, खाली न उतरता. त्यांच्याकडे ऊस तोडायचे कोयते. मधल्या फरशीवर मी एकटी. मी मांदेली घेतली. मग कोळंबी घेतली. मग सुकट घेतली. कोळिणी निमूटपणे तोलून देत होत्या, नजर न उचलता. भाव सांगितला तो दिला. एवढा सभ्य बाजार मी जन्मात पाहिला नव्हता.

साडेनऊला टेकडीच्या पायऱ्यांवरून रडणं ऐकू आलं. आई खाली उतरत होत्या, कडेवर रुंजी, लालबुंद.

“बाटली तोंडात घेत नाही,” त्यांनी लांबूनच सांगितलं. “तास झाला. ये, घे हिला, मी चालले.”

मी तिथंच एका उपड्या क्रेटवर बसून पदराआड रुंजीला घेतलं. आई जायला वळल्या. तेवढ्यात तिसऱ्या ओट्यावरून कोणीतरी बोललं.

“जिवंत आहेस होय गं, शशी. मला वाटलं, आटपली.”

आई थांबल्या. दमूबाय हाडकुळी, केस पूर्ण पांढरे झालेली, सुरमईवर पाणी शिंपडत होती.

“आठ वर्षं कुठे मेली होतीस?” आई म्हणाल्या.

“गुरुवारी बसत होते. यायचंस.”

“मला मंगळवार होता.”

“मग काय, मंगळवारचा हुकूम रामानं काढला होता का? दुसरं सगळं बोलतेस तेवढं बोलता आलं नाही?”

“आणि ही सुरमई कालची आहे.”

“कालची? हिच्या कल्ल्यात बोट घाल. घाल ना. डोळ्यांनी दिसत नसेल आता.”

आईंनी बोट घातलं. “परवाची आहे.”

तिथून जे सुरू झालं ते मी इथे सगळं लिहू शकत नाही, रुंजी कधीतरी वाचेल. माशापासून निघालं ते दमूच्या जावयापर्यंत गेलं, आईंच्या गुडघ्यावर आलं, मग आईंनी विचारलंच, “आणि पाण्यात काय टाकलंत गं तुम्ही?” दमू म्हणाली, “तेच पाणी मी पिते, भवाने. माझं पोट जळत नाही का?” आजूबाजूच्या ओट्यांवर माना वर झाल्या होत्या. पायऱ्यांवरून दोघीतिघी बायका खाली उतरून ऐकायला जवळ आल्या, आणि जवळ आल्याच आहोत तर म्हणून बांगड्याचा भाव विचारू लागल्या.

आईंचा आवाज चढला, दमूनं त्यांच्या हातावर फटका मारला. त्याच क्षणी पायऱ्यांवरून दगड आला.

तो दमूच्या कानाच्या वर लागला. रक्त लगेच गळ्यापर्यंत आलं. वल्ही उचलली गेली. कोयतेही. मला उठता येत नव्हतं, रुंजी पीत होती, आणि उठले असते तर सगळेच पळाले असते. मी बसून राहिले. आयुष्यात एवढं अवघड काही केलेलं नाही.

आई पायऱ्यांकडे वळल्या. “कोण तो?” त्यांचा आवाज घरात कुकर उतरवायला सांगतात तसा होता. “माझं बोलणं चाललंय तिच्याशी. मध्ये कोण दगड मारतो? यादीत नावं मी लिहिलीत तुमची, एकेकाला ओळखते.”

कोयते खाली आले. दमूनं पदराचं टोक जखमेवर दाबलं, मागे वळून आपल्या माणसांना म्हणाली, “वल्ही खाली घाला. गिऱ्हाईक आहे माझं.” मग आईंना, “घेणार आहेस की नुसतीच बोटं घालणार?”

“अर्धी दे. आणि ते डोकं आधी बांध, माशावर रक्त पडतंय.”

बारा वाजले. कोणी उठलं नाही. सव्वाला मासळी संपली तेव्हा बाजार उठला.

संध्याकाळी दळीसाहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज खाली गेलेला होता. “रक्त सांडलं, बाई.”

“सांडलं. दमूबायला सात टाके पडले. आणि तिनं सगळा मासा विकला.”

“अट रक्ताची होती.”

“अट चुकीची होती, साहेब. मी तेव्हाच म्हणाले होते. खोट्या कारणावर मी सही करणार नाही.”

“मग मी तुमचा अहवाल मांडू शकत नाही.”

“तुम्ही मांडू नका.”

अकराव्या दिवशी तीनच्या झोपेत मी रुंजीला भिंतीकडच्या बाजूला निजवलं, दोन्हीकडे उशा लावल्या आणि जयवंतला फोन लावला. तो म्हणाला की खिंडीतल्या बाजारामागे तोही होता हे कळल्यावर त्याच्या दाराला रात्रीतून कोणीतरी काळं फासलंय, आणि बायकोनं ते पुसायला नकार दिलाय. “ज्यांनी फासलं ते येऊन पुसतील, म्हणते. तोवर भांडायला बरं.”

“तयार आहेस?”

“हो. आपण दोघं तुरुंगात गेलो तर एका वेळी जाऊ ना? का तिथेही वेगळी वेळ?”

मी हसले. मी माझी किल्ली फिरवली. त्यानं त्याची.

सुरळीतनं शेवटचा निरोप पाठवला, बेटावरच्या सगळ्या फोनांवर एकाच वेळी. मजकूर आम्ही दोघांनी आधीच घासूनपुसून ठेवला होता. आम्ही तुम्हाला आठ वर्षं एकमेकांपासून दूर ठेवलं. ती आमची चूक होती, तिचा हिशेब सोबत जोडला आहे, मरणाऱ्यांच्या आकड्यासह. उद्यापासून कोणालाही वेगळी वेळ नाही. सगळे बाजार, सगळ्या बोटी, सगळे दवाखाने, सगळ्यांना सकाळी सातपासून. खाली दोघांची नावं आणि घरचे पत्ते, म्हणजे ज्याला भांडायचं असेल त्याला शोधावं लागू नये.

स्वयंपाकघरात आईंचा फोन वाजला. त्या चष्मा शोधत होत्या, तो सापडला, त्यांनी निरोप वाचला. बराच वेळ वाचला. मी दारात उभी होते. समितीला त्या सायंकाळी काय सांगणार होत्या, मला माहीत नव्हतं. त्या मला घराबाहेर काढतील असंही वाटून गेलं.

“सातला?” त्या शेवटी म्हणाल्या. “अक्कल आहे का तुम्हाला? सातला काय उरतं? चांगली मासळी सहालाच जाते.”

आणि त्यांनी घड्याळाला पावणेसहाचा गजर लावला.